घोडदौड रोडवरचं पांजरापोळ

लग्न होऊन सुरतेला आले तेव्हा या गावाबद्दल मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. पहिली शाळेतल्या इतिहासाची: महाराजांनी सुरत दोनदा लुटली, १६६४ मध्ये आणि १६७० मध्ये. दुसरी आमच्या शिरोळ तालुक्यातल्या बस्तीच्या लाकडी कपाटातली. त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर 'दिगंबर जैन पुस्तकालय, सुरत' असं छापलेलं असायचं. त्यामुळे लहानपणी माझी समजूत अशी, की सुरत म्हणजे पुस्तकं छापणारं गाव, आणि ते लुटलं म्हणजे महाराजांनी पुस्तकंच नेली असणार. सासरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. त्यांचा जन्म सुरतेतला. त्यांच्या लेखी महाराज म्हणजे वीरजी वोरांची कोठी फोडणारे. वीरजी वोरा जैन, आणि त्या काळातल्या सगळ्यांत धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक. आमच्या घरात या विषयावर आजवर एकमत झालेलं नाही, ते एक असो.

तिसरी गोष्ट कळली ती इथे आल्यावर. घोडदौड रोडवरून रिक्षाने जाताना पांजरापोळ लागतं. घोड्यांच्या शर्यतीचं नाव मिरवणारा रस्ता, आणि त्यावर धावायची ताकद संपलेल्या जनावरांचं घर! मला तेव्हा गंमत वाटली होती. पुढे पंधरा-सोळा वर्षं मी स्वतः धावायची ताकद संपलेली कुत्री सांभाळली, त्यानंतर त्या नावाची गंमत राहिली नाही. पण तो भाग नंतर.

पांजरापोळ हा शब्द गुजरातीतून आपल्याकडे आला. पांजरा म्हणजे पिंजरा, आणि पोळ म्हणजे दार असलेली गल्ली. ही सोय किती जुनी असेल? राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८३ मध्ये भारतात आला. त्याने खंबायतेबद्दल लिहून ठेवलं आहे, की इथे लंगड्या कुत्र्या-मांजरांसाठी आणि पाखरांसाठी इस्पितळं आहेत आणि लोक मुंग्यांनाही खायला घालतात. त्याच साली आचार्य हीरविजयसूरी गुजरातेतून पायी चालत अकबराच्या भेटीला फत्तेपूर सिक्रीला पोचले होते. पर्युषणात जीवहत्या बंद ठेवण्याची फर्मानं त्यांनी मिळवली, पिंजऱ्यातली पाखरं सोडवली. म्हणजे फिच जे पाहत होता ते एखाद्या मनस्वी शेटजींचं वेड नव्हतं. सबंध प्रांताच्या जगण्याची ती रीत होती.

सुरतेच्या पांजरापोळाचं पहिलं भरघोस वर्णन जॉन ओव्हिंग्टन या पाद्र्याचं. तो १६८९ मध्ये इथे आला. शहरापासून मैलभरावर गाई, घोडे, शेळ्या, कुत्री अशा आजारी, लंगड्या, म्हाताऱ्या जनावरांचं इस्पितळ त्याने पाहिलं. कष्ट करून थकलेला बैल मालकाने कसायाला विकू नये म्हणून वाणी लोक तो विकत घेतात आणि मरेपर्यंत पोसतात, हे त्याने नीट समजून घेतलं. मग जेम्स फोर्ब्ज. त्याने १७७२ मधला सुरतेचा हाल लिहिला आहे: उंच भिंतींचं मोठं आवार, आत वेगवेगळे चौक, त्यांत घोडे, खेचरं, बैल, मेंढ्या, शेळ्या, माकडं, कोंबड्या, कबुतरं, आणि एक म्हातारं कासव. हे कासव तिथे पंच्याहत्तर वर्षांपासून असल्याचं लोक सांगत.

या कासवावर माझा जीव जडला आहे. हिशेब केला तर ते १६९७ च्या सुमारास आलं असणार, ओव्हिंग्टन येऊन गेल्यावर सात-आठ वर्षांनी. औरंगजेब तेव्हा दख्खनेत मराठ्यांशी झुंजत होता. औरंगजेब गेला, मोगलाई खिळखिळी झाली, बंदर मुंबईकडे सरकलं, १७५९ मध्ये सुरतेचा किल्ला इंग्रजांनी घेतला. एवढ्या काळात त्या कासवाला रोज कुणीतरी पाला घालत होतं. कासव दूध देत नाही, ओझं ओढत नाही, राखण करत नाही. कुणाच्या तरी हातचा पाला पंच्याहत्तर वर्षं चुकला नाही, एवढंच.

पण परदेशी पाहुण्यांचा डोळा कासवावर नव्हता. सगळ्यांना सांगायचे होते ते ढेकूण. ओव्हिंग्टनपासून फोर्ब्जपर्यंत सगळे हेच सांगतात, की पांजरापोळात ढेकूण-पिसवांसाठी वेगळी खोली आहे आणि त्यांना जेवण म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर तिथल्या खाटेवर निजवतात. ही गोष्ट युरोपात इतकी गाजली की आजही कुणी विद्वान भेटला की आधी तेच विचारतो. बिशप हेबर १८२५ मध्ये भडोचला गेला तेव्हा त्याने चौकशी केली, आणि निदान तिथे तरी माणसाचं रक्त वगैरे काही नसतं, किड्यांनाही तांदळासारखं धान्यच घालतात, असं लिहिलं. अलेक्झांडर बर्न्सने सुरतेचं पांजरापोळ पाहून १८३४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात टिपण छापलं. त्यात फळ्यांच्या जमिनीची एक खोली आहे. त्या फळ्यांखालच्या पोकळीत धान्य टाकत, आणि त्या धान्यात किड्यांची रास वळवळत असे.

हे धान्य कुठून येत होतं, ते बर्न्सला कळलं नसेल, पण आपल्याला लगेच कळतं. मैत्रिणींनो, सूप हातात घेतलेल्या बाईला हे समजवावं लागत नाही. तांदूळ निवडताना सोंडे निघतात, डाळीत किडे निघतात, पावसाळ्यात गव्हाला भुंगा लागतो. ते मारायचे नाहीत, नाल्यातही टाकायचे नाहीत. सासूबाई ते सोंडे मूठभर धान्यासकट डब्यात भरून ठेवत आणि महिन्या-दोन महिन्यांनी डबा पांजरापोळात पोचवत. त्या कोठीला इकडे जीवातखाना म्हणतात. बर्न्सने पाहिलेली ती रास म्हणजे सुरतेच्या शेकडो स्वयंपाकघरांतल्या बायकांचं सकाळचं काम होतं. पांजरापोळाच्या इतिहासात देणगी देणाऱ्या शेटजींची नावं येतात, महाजनांनी व्यापारावर बसवलेल्या लाग्याचा हिशेब येतो. सूप कुठेच येत नाही.

आता कुत्र्यांकडे वळते.

माझ्या माहेरी, कोल्हापूर-सांगलीकडे, धनगरांच्या वाड्यावर एक कुत्रं दिसायचं. उंच, हाडकुळं, पोट पाठीला लागलेलं, लांबट तोंड, चाबकासारखी शेपटी. त्याला कारवान म्हणतात, कुणी मुधोळ म्हणतात, कारण कृष्णेपलीकडे मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात नावारूपाला आणली. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी पाचव्या जॉर्ज बादशहाला या कुत्र्यांची जोडी भेट दिली होती. भारत सरकारने २००५ मध्ये त्याच्यावर टपालतिकीट काढलं. विलायती ग्रेहाउंडचा हा आपल्या मातीतला भाऊबंद. दोघंही वासावर कमी आणि नजरेवर जास्त शिकार करणारे. वाऱ्यासारखं धावायचं, ससा धरायचा, एवढ्यासाठीच माणसाने त्यांचं शरीर घडवलं. सशाची शिकार वन्यजीव कायद्याने बंद झाली, पण आमच्या लहानपणी रानात ती चालायचीच. बाबा म्हणायचे, "त्या कुत्र्याकडं बघू नका, हिंसेचं जनावर हाय." आम्ही मात्र चोरून बघायचो. इतकं देखणं जनावर हिंसेचं कसं, हा प्रश्न मला त्या वयात पडला आणि अजून पुरता सुटलेला नाही.

सुरतेत परक्या जातीची कुत्री आली ती आजकालची नव्हे. सुवाळीच्या बंदरात इंग्रजांची जहाजं लागत. बादशहाचा वकील म्हणून सर टॉमस रो १६१५ मध्ये तिथेच उतरला, आणि त्याचा पाद्री एडवर्ड टेरी पुढच्या वर्षी. जहांगीरला विलायती कुत्र्यांचा भारी शौक. जहाजांवर चढवलेल्या मोठाल्या मॅस्टिफ कुत्र्यांपैकी दोनच दरबारापर्यंत जिवंत पोचली, असं टेरी सांगतो. त्या दोघांचा थाट असा, की एकेकाच्या दिमतीला चार माणसं, फिरायला पालखी, माश्या वारायला पंखेवाले, आणि बादशहाला स्वतःच्या हाताने मांस भरवता यावं म्हणून खास घडवलेला चांदीचा चिमटा. वाटेत मेलेल्या बाकीच्या कुत्र्यांबद्दल कुणाला फारसं काही वाटल्याचं दिसत नाही. त्याच सुरतेत वाणी लोक लंगड्या कुत्र्यांना भाकरी घालत होते. शौक आणि दया एकाच गावात शेजारी शेजारी नांदतात, हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. आजही तसंच आहे. डुमसकडे फार्महाउसं झाली तसा पोरांना 'मुधोळ' पाळायचा शौक लागला. कुत्रं पळतंय तोवर कौतुक. पाय मोडला की हायवेवर सोडून द्यायचं.

पवन आमच्याकडे असाच आला, डिसेंबर २००३ मध्ये. एका जनावरांच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर कुणीतरी सुतळीने बांधून गेलं होतं. मागचा पाय वाकडा सांधलेला, कोपरांवर घट्टे, कानाच्या टोकाला जखम. कातडी इतकी पातळ की नुसतं दाराला घासलं तरी फाटायची. मी त्याला पाहिलं आणि थेट धनगरवाडा आठवला. यजमान म्हणाले, "दोन दिवस ठेवू." दोन दिवसांची पाच वर्षं झाली.

जैन घरात कुत्रं ठेवणं सोपं नाही. ज्यांनी ठेवलं नाही त्यांनी आधी हे वाचावं. घरात मांस-अंडं येणार नाही, यावर चर्चाच नव्हती. डॉक्टर म्हणत होते, ताई, हे मांसाहारी जनावर आहे. मी म्हटलं, आमच्याकडचे धनगर त्याला मक्याची भाकरी आणि दूध-ताकच घालतात. हे अर्धसत्य होतं, कारण धनगराचं कुत्रं उरलंसुरलं ससा-उंदरावर भागवतं. पवनला मी भाकरी, मुगाची खिचडी, पनीर आणि डॉक्टरांनी दिलेल्या पावडरी घातल्या. तो सुधारला, अंगावर तेज आलं. पण माझा नियम मी त्याच्यावर लादला, त्याने तो घेतला नव्हता, हे मला पक्कं ठाऊक होतं. एकदा गच्चीवर त्याने कबुतर धरलं. सासूबाईंनी त्या दिवशी जेवण केलं नाही. मीही नाही. पवनने मात्र संध्याकाळी नेहमीसारखी खिचडी खाल्ली आणि सोफ्यावर चारी पाय वर करून झोपला.

हे झोपणं म्हणजे या जातीचं खरं सुख. लोकांना वाटतं धावणारं कुत्रं घरात उच्छाद मांडत असेल. छे! दिवसातले सोळा-अठरा तास ते लोळतं. अंगावर मांस नाही म्हणून गादी लागते, थंडीत स्वेटर लागतो. भुंकत नाही. दारात अनोळखी माणूस आला तर मान उचलून बघतं आणि परत झोपतं. शेजारच्या बेन म्हणायच्या, "भाभी, आ तो हरण छे, कूतरो नथी." आठवड्यातून एकदा आम्ही त्याला भल्या पहाटे सुवाळीच्या किनाऱ्यावर नेत असू. ओहोटीची लांबरुंद वाळू, माणूस दिसत नाही. दोर सोडला की वाकड्या पायाचा तो पवन असा काही सुटायचा की छातीत धस्स व्हायचं. पाठ कमानीसारखी वाकायची, सुटायची, परत वाकायची, चारी पाय हवेत. दोन मिनिटांत जीव शांत व्हायचा आणि मग धापा टाकत माझ्या मांडीवर डोकं. जहांगीराची कुत्री याच किनाऱ्यावर उतरली, हे मी यजमानांना दरवेळी सांगायचे आणि ते दरवेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकायचे.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईचं पाणी सुटलं आणि तापी गावात शिरली. अडाजणात आमचा तळमजला बुडाला. वीज नाही, प्यायला पाणी नाही, आणि तीस किलोचं कुत्रं कडेवर घेऊन जिने चढायचे. गच्चीवर सहा घरं एकत्र होती. एरवी कुत्र्याच्या सावलीलाही न उभ्या राहणाऱ्या एका आजीबाईंनी तिसऱ्या दिवशी आपल्या वाटणीचा खाखरा मोडून त्याला घातला. मी काही बोलले नाही, त्याही नाही.

इथे मुंबईची गोष्ट सांगायलाच हवी, कारण कुत्र्यांसाठी आपल्या लोकांनी एकदा दंगा केला होता आणि आपल्या बऱ्याच मुलींना ते माहीत नसतं. इंग्रज सरकारने मुंबईत भटकी कुत्री मारण्याचा नियम केला होता. उन्हाळ्यात ठरावीक दिवस शिपाई कुत्री मारत, आणि कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस असे. बक्षिसाच्या लोभाने शिपाई मग घरात शिरून पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. जून १८३२ मध्ये पारशांच्या एका पवित्र दिवशी कोटात हे चालू असताना लोक शिपायांवर धावून गेले. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान, माणूस गेल्यावर त्याच्यावर कुत्र्याची नजर पडावी लागते. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. जैन आणि वैष्णव व्यापारी पारशांबरोबर उभे राहिले. कुलाब्याच्या पलटणीचं अन्नपाणी अडलं, सरकारने फौज आणली, पुढाऱ्यांना पकडलं. आणि त्यातून १८३४ मध्ये मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. उभं केलं दोघांनी: जमशेटजी जीजीभॉय आणि आपले शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजे भायखळ्याचं देरासर बांधणारे मोतीशा. कापसापासून साखरेपर्यंतच्या व्यापारावर लागा बसवून पैसा उभा केला.

हे अभिमानाने सांगावं असंच आहे. पण इतिहास लिहायचा तर पुढचंही लिहावं लागतं. हे दोघे शेठ चीनशी अफूचा व्यापार करत. कुत्र्याच्या जिवासाठी कळवळणाऱ्या हातांतूनच अफूच्या पेट्या कँटनला जात होत्या. तिकडे कोण, कसं मेलं, याचा लागा कुणी भरला नाही. शास्त्रसभेत मी हे एकदा बोलले तर दोन बायका उठून गेल्या. मी काही त्यांचं दान खोटं म्हणत नाही. फक्त दोन्ही वह्या एकाच दुकानातल्या होत्या, एवढंच म्हणते.

आणि हेबर. ढेकणांच्या बाबतीत आपली बाजू घेणारा हाच बिशप भडोचच्या पांजरापोळाबद्दल पुढे जे लिहितो ते वाचून मला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. जागा गलिच्छ. जमिनीचं उत्पन्न भरपूर, पण ते व्यवस्थापकांच्या घशात. म्हातारे घोडे, कुत्री, माकडं, मोर उपासमारीने मरायला टेकलेले. बरी दिसत होती ती काही दुभती गाई-गुरं, आणि ती पुण्यासाठीच ठेवली असतील असं नाही, असा टोमणाही त्याने मारला आहे. परक्या धर्माच्या बिशपला आपलं वाईटच दिसणार, असं म्हणून मी ते पान मिटलं होतं. मग परत उघडलं. मारायचं नाही, हे व्रत झालं. ते झाल्यावर त्या जनावराचं रोज काय होतं, हे बघायला कुणी थांबलं नाही, तर व्रत पाळूनही घोडा उपाशी मरतो. फोर्ब्जच्या कासवाला पाला घालणारा कुणीतरी होता, भडोचच्या घोड्याला नव्हता. संस्था त्याच, शास्त्र तेच.

पवनच्या पुढच्या पायाला २००८ च्या दिवाळीनंतर सूज आली. लांब पायाच्या मोठ्या कुत्र्यांत हाडाचा कॅन्सर पुष्कळ आढळतो, ग्रेहाउंडांत तर विशेष. पाय कापून उपयोग नव्हता, छातीत पोचला होता. डॉक्टर हळूच म्हणाले, "ताई, इंजेक्शन देऊन टाकू." मी नाही म्हटलं. मला एका क्षणाचाही विचार करावा लागला नाही, इतकं ते माझ्या हाडीमाशी होतं. त्याचं आयुष्यकर्म त्याचं, मी कोण मध्ये पडणार? औषधं चालू ठेवली. शेवटचे अकरा दिवस तो ओरडत होता. या जातीचं कुत्रं भुंकत नाही म्हणाले ना, पण दुखलं की त्याचा आवाज माणसाच्या बाईसारखा निघतो. अकराव्या रात्री मी त्याच्या कानाशी णमोकार म्हणत होते. पाठशाळेत शिकलेली जीवंधरकुमारांची गोष्ट तुम्हालाही आठवत असेल. लोकांनी मारून अर्धमेलं केलेल्या कुत्र्याला जीवंधरांनी णमोकार ऐकवला आणि तो मरून यक्ष झाला, पुढे संकटात धावून आला. लहानपणी त्या गोष्टीतला यक्ष आवडायचा. त्या रात्री मला फक्त कुत्रं दिसत होतं.

त्यानंतर मी गांधीजी वाचले. १९२६ मध्ये अहमदाबादेत अंबालाल साराभाईंनी, स्वतः जैन असून, आपल्या गिरणीच्या आवारातली साठ पिसाळलेली-भटकी कुत्री मारवली आणि मग अस्वस्थ होऊन गांधीजींना विचारायला गेले. गांधीजी म्हणाले, दुसरं काय करणार होतात? अख्खा जैन समाज खवळला. महिनोन्महिने पत्रांचा पाऊस पडला, आणि त्यांनी एकामागून एक लेख लिहून उत्तरं दिली. भटक्या कुत्र्याला दारातून तुकडा फेकणं म्हणजे दया नव्हे, कुत्रं बिनमालकाचं राहतं हीच समाजाला लाज आहे, असा त्यांचा मुद्दा. मग १९२८ मध्ये आश्रमातलं वासरू. वाचणार नाही, कूस बदलता येत नाही, वेदना असह्य. गांधीजींनी डॉक्टर बोलावून त्याला इंजेक्शन देववलं आणि ते जाहीर लिहिलं. पुन्हा वादळ.

आमच्या माहेरी त्या लेखांचा राग पुढच्या पिढीपर्यंत होता. बाबा गांधीटोपी घालत, पण वासराचं नाव काढलं की गप्प होत.

आणि एक योगायोग. साठ कुत्र्यांवरून अहमदाबादेत रान पेटलं त्याच १९२६ च्या जुलैमध्ये इंग्लंडात मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड पळवण्याची पहिली शर्यत झाली. खरा ससा मरत नाही म्हणून ती सुधारणाच वाटली असेल. पण पैजांचा धंदा वाढला तशी कुत्री हजारोंनी पैदा होऊ लागली, आणि चार-पाच वर्षांचं कुत्रं म्हातारं ठरू लागलं. त्याचं आयुष्य मात्र बारा वर्षांचं. उरलेल्या वर्षांचं काय? इंग्लंडातल्या सीहॅम गावात एकाच माणसाने पंधरा वर्षांत दहा हजारांवर ग्रेहाउंड मारून पुरल्याचं २००६ मध्ये उघड झालं. ज्या वर्षी आम्ही पवनला जिन्यावरून वर नेत होतो, तेच वर्ष. मकावचा जुना ट्रॅक जुलै २०१८ मध्ये बंद झाला तेव्हा मागे पाचशेवर कुत्री उरली, आणि तिथल्या प्राणिमित्रांनी ती एकेक करून देशोदेशींच्या घरांत पोचवली. आपल्या पांजरापोळाहून ही रीत वेगळी. एका आवारात सगळी ठेवायची नाहीत, एकेकाला एकेक घर शोधायचं. सोफा आणि स्वेटरसकट. आपल्या महाजनांना हे सुचलं नाही, कारण कुत्रं घरात घ्यायचं हेच त्यांच्या स्वप्नात नव्हतं.

२०११ मध्ये राजुल आली. पांढरी, डोळ्यांभोवती काजळ, दोनदा वेत करवून घेऊन टाकून दिलेली. पवनपेक्षा शहाणी. आठ वर्षं राहिली. सासूबाईंच्या शेवटच्या आजारात ती त्यांच्या खाटेखालून हलली नाही, आणि त्यांनीही तिला कधी "जा" म्हटलं नाही. २०१९ च्या पावसाळ्यात तिची मूत्रपिंडं गेली. उठता येईना, पाणीही ठरेना. तिनेच अन्न सोडलं. मला वाटलं, ही सल्लेखनाच की. श्वेतांबर मैत्रिणी संथारा म्हणतात, त्यावरून २०१५ मध्ये राजस्थानच्या उच्च न्यायालयाने बंदी घातली होती आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगित केली, ते सगळं डोक्यात ताजं होतं. शास्त्रात मनासह पाच इंद्रियांच्या तिर्यंचालाही अणुव्रतं घेता येतात. महावीरांच्या जीवाने सिंहाच्या भवात ती घेतली होती. पण राजुलने व्रत घेतलं होतं की तिला नुसतंच मळमळत होतं, हे मी कशावरून ठरवणार? व्रतात जाणीव लागते, आणि तिच्या जाणिवेची मला खबर नव्हती. पवनचे अकरा दिवस मात्र कानात होते.

चौथ्या दिवशी मी डॉक्टरांना घरी बोलावलं. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अर्ध्या मिनिटाचं काम.

मी तीन उपवास केले. चातुर्मासासाठी गावात आर्यिका माताजी होत्या, त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील, प्रायश्चित्त देतील. त्यांनी एकच विचारलं, "तुझा भाव काय होता?" मी म्हणाले, "माताजी, भाव एकच नव्हता. तिचं दुःख संपावं असं वाटत होतं. आणि माझी जागरणं संपावीत असंही वाटत होतं." त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दुसरा भाव लक्षात ठेव." प्रायश्चित्त दिलं नाही. मी ते मागितलंही नाही, आणि का मागितलं नाही ते आजही सांगता येत नाही.

सासूबाईंचा जीवातीचा डबा आता मी पोचवते. मागच्या आठवड्यात डबा देऊन परत येत होते तर डॉक्टरांचा फोन. एक कारवान कुत्री आहे, वय सहा-सात, हायवेवर सापडली, खुब्याचं हाड निखळलेलं. शस्त्रक्रिया झाली आहे, जागा हवी आहे. यजमान सत्तरीला आले, माझे गुडघे गेले. घरी येऊन सांगितलं. ते पेपर वाचत होते. म्हणाले, "आता जिने कोण चढवणार?" मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर त्यांनी माळ्यावरून राजुलची गादी काढली होती आणि गच्चीत उन्हाला घातली होती. तिच्यात सोंडे झाले होते. मी सूप घेऊन वर गेले.